ड्रिपमधून खत सोडताय? आधी पाण्याचा ईसी बघा

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. बोअरला पाणी लागतं, पण त्याचा चहा होत नाही. अशा जागी मी दहा गुंठ्यांचं शेडनेट टाकलं आणि पहिल्याच हंगामात काकडी लावली.

पाचव्या आठवड्यात पानांच्या कडा पिवळ्या पडून करपायला लागल्या. कृषी केंद्रात फोटो दाखवला. तिथला माणूस म्हणाला, पोटॅश कमी पडतंय, डोस वाढवा. वाढवला. चार दिवसांत बेड ओला असूनही वेल दुपारी माना टाकायला लागले. ड्रिपरभोवती ओल्या मातीच्या कडेला पांढरी रांगोळी काढल्यासारखी गोल रेघ दिसत होती. नखानं खरवडली तर पूड निघाली. बाबांनी ती जिभेला लावली आणि थुंकून म्हणाले, "भाजी आंधीच खारी हाय, अन् तू वरून मीठ टाकून रायला."

मी ग्रॅम मोजत होतो, पाण्यात आधीच काय आहे ते मोजत नव्हतो. शेडनेट, रोपवाटिका किंवा ड्रिपवर भाजीपाला नव्यानं करणाऱ्यांनी तरी माझ्यासारखं अर्धं पीक घालवून हे शिकू नये, म्हणून हा खटाटोप.

ईसी म्हणजे काय, कामापुरतं

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही, क्षार विरघळले की जाते. जितके क्षार जास्त, तितकी वीज जास्त. हे मोजायचं माप म्हणजे विद्युत वाहकता, सगळे ईसी म्हणतात. विद्राव्य खतं हेही क्षारच. बाहेर क्षार फार झाले की मुळीला पाणी ओढणं जड जातं, म्हणून ओल्या बेडवरचा वेलही सुकतो.

मीटरला क्षारांचा एकूण भार कळतो, तो कशाचा आहे ते कळत नाही. बोअरमधलं सोडियम आणि तुम्ही विकत आणलेलं पोटॅश त्याला सारखंच. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सोपं जातं.

आधी जमवायचं सामान

- पेनासारखा ईसी मीटर, तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारा
- १४१३ आकड्याचं प्रमाण द्रावण, मीटर तपासायला
- सामू, म्हणजे पीएच (पाणी आम्ल की विम्ल), मोजायला मीटर, नाहीतर निदान पट्ट्या
- १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा
- एक लिटरचं माप, खुणा असलेली बादली, दोन ड्रम
- डिस्टिल्ड वॉटर
- वही

कागद दोनच लागतात, पाण्याचा तपासणी अहवाल आणि मातीचा. दोन्ही कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी प्रयोगशाळेत होतात. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही चौकशी करा. पाण्याचा नमुना घेताना बोअर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा आणि मग काठोकाठ भरा. सरबताची बाटली नेऊ नका, हे हसण्यावारी नेऊ नका, लोक नेतात.

अहवालात ईसी आणि सामूसोबत सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट आणि आरएससी बघा. आरएससी म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेलं कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. आरएससी १.२५ च्या आत असेल तर पाणी सुरक्षित, २.५ च्या वर गेलं तर ते ओलितालाच योग्य नाही. ईसी कमी आणि आरएससी जास्त असंही पाणी आपल्याकडे निघतं, आणि ते काळ्या मातीला दगड करतं. घरचा मीटर हे सांगत नाही, म्हणून एकदा तरी प्रयोगशाळेचा अहवाल हवाच.

१. मीटरची भाषा ओळखा

एकच पाणी तीन आकड्यांत सांगता येतं. २ डेसिसायमन प्रति मीटर म्हणजेच २ मिलिसायमन प्रति सेंटिमीटर म्हणजेच २००० मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर. अहवालात पहिलं लिहिलेलं असतं, मीटरवर बहुधा दुसरं किंवा तिसरं.

खरा घोळ पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात किती भाग क्षार या मापाचा. टीडीएसचे (एकूण विरघळलेल्या क्षारांचे) स्वस्त मीटर आतून ईसीच मोजतात आणि त्याला ठरावीक आकड्यानं गुणून पीपीएम दाखवतात. कुणाचा गुणक ५००, कुणाचा ७००, कुणाचा ६४०. त्यामुळे ईसी २ असलेलं तेच पाणी एका मीटरवर १००० दिसतं आणि दुसऱ्यावर १४००. शेजाऱ्यानं फोनवर सांगितलं, "हजारावर ठेव," आणि त्याचा मीटर ५०० चा, तुमचा ७०० चा, तर तुमचं पीक उपाशी राहील. उलट असेल तर करपेल. माझं ऐकाल तर पीपीएम विसरून जा, ईसीतच बोला. खाली मी सगळीकडे मिलिसायमनचेच आकडे दिले आहेत.

२. मीटर खोटं बोलतो का ते बघा

१४१३ च्या द्रावणात मीटर बुडवला की १४१३ मायक्रोसायमन, म्हणजे १.४१ दिसायला हवं. नसेल तर स्क्रू किंवा बटणानं जुळवून घ्या. हे महिन्यातून एकदा करा. वापरलेलं द्रावण परत बाटलीत ओतू नका.

पाणी एक अंशानं तापलं की ईसी साधारण दोन टक्के वाढतो. तापमानाची दुरुस्ती मीटर करतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. एप्रिलमध्ये उन्हात पडलेल्या लॅटरलमधून, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या बारीक नळीतून, येणारं पाणी हाताला चटका देतं. ते वाटीत घेऊन सावलीत ठेवा, दोन मिनिटं थांबा, मग आकडा वाचा. दरवेळी मोजून झालं की मीटरचं टोक डिस्टिल्ड वॉटरनं धुवा. सामूचा मीटर मात्र डिस्टिल्ड पाण्यात ठेवायचा नाही, त्याच्या टोपणात त्याचंच साठवणीचं द्रावण लागतं. माझा पहिला सामू मीटर मी असाच मारला.

३. खत बाजूला ठेवा, नुसतं पाणी मोजा

ही पायरी सगळे गाळतात, आणि आपल्या पट्ट्यात सगळं इथेच ठरतं.

माझ्या बोअरचा ईसी २.४ निघाला. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यातलं पावसाचं पाणी ०.३. म्हणजे काकडीला खताचा एक दाणा न देताही मी तिला २.४ चं पाणी पाजत होतो, वर आणखी खत.

कुठलं पीक किती सोसतं याचे आकडे ठरलेले आहेत, पण ते मुळाजवळच्या मातीच्या संपृक्त अर्काचे, म्हणजे माती पाण्यानं पूर्ण भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याचे आहेत. घेवडा १.०, कांदा १.२, ढोबळी मिरची १.५, काकडी आणि टोमॅटो २.५, गहू ६, कपाशी ७.७. याच्या पुढे गेलं की उत्पन्न घटायला लागतं. आपल्या बापजाद्यांनी खारपाणात कपाशी का धरून ठेवली, ते या रांगेत दिसतं.

थोडंफार पाणी मुळाखाली झिरपत असेल, तर मातीचा ईसी पाण्याच्या साधारण दीडपट होतो असं धरतात. त्या हिशोबानं काकडीला सतत १.७ च्या वरचं पाणी परवडत नाही आणि ढोबळीला १ च्या वरचं. तुमचं एकमेव पाणी २ च्या वर असेल तर ढोबळी मिरचीचं शेडनेट टाकू नका. अनुदान मिळतंय म्हणून तर मुळीच टाकू नका.

दोन पाणी असतील तर मिसळा. गणित पाचवीतल्या पोराचं आहे. एक भाग बोअर २.४ चं, दोन भाग तळ्याचं ०.३ चं. २.४ अधिक ०.६, भागिले ३, म्हणजे १.०. मी आता हेच वापरतो. फक्त तळ्याचा आकडा एकदा मोजून भिंतीवर लिहून ठेवू नका. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, म्हणून मार्चपासून दर आठवड्याला मोजा.

४. बादलीत खत घालून बघा

आता खतासाठी किती जागा उरली ते काढायचं. पिकाला जिथवर न्यायचं तो आकडा, त्यातून नुसत्या पाण्याचा आकडा वजा. रोज अख्ख्या पाण्यातून खत देतो तेव्हा मी ट्रेमधल्या रोपाला एकूण १ च्या आसपास थांबतो, लावणीनंतर १.३ ते १.५, आणि काकडी तोड्यावर आली की थंडीत २ पर्यंत. हा २ नुसत्या खारेपणाचा नाही, निम्मा खताचा आहे, आणि तो थोडाच वेळ जातो. पुढेमागे साधं पाणी असतंच. पाणी आधीच १.० असेल तर लावणीनंतर खताला जागा ०.३ ते ०.५ इतकीच. गोडं पाणी असणाऱ्याला यापेक्षा जास्त खत देता येतं, म्हणून दुसऱ्या तालुक्यातलं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका.

एक लिटरला एक ग्रॅम टाकलं की ईसी अंदाजे किती वाढतो (खताच्या नावातले तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पोटॅशचे टक्के):

- १३:०:४५ : १.३
- कॅल्शियम नायट्रेट : १.२
- १२:६१:० : ०.८
- ०:५२:३४ : ०.७
- ०:०:५० : १.५
- युरिया : शून्य

यावरही विसंबू नका. ज्या पाण्यानं ओलीत करता तेच दहा लिटर बादलीत घ्या आणि मोजा. समजा १.० आलं. ५ ग्रॅम १३:०:४५ टाका, काडीनं ढवळा, पाच मिनिटांनी मोजा. १.६ किंवा १.७ दिसेल. आणखी ५ ग्रॅम टाकले की २.३ च्या आसपास. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की "पाच किलो सोड" असं कुणी सांगितल्यावर तुम्ही आधी "किती लिटरात?" असं विचाराल.

युरियापुढचं शून्य छपाईची चूक नाही. युरिया पाण्यात विरघळतो, पण त्याला विद्युत भार नसतो, म्हणून मीटरचा आकडा हलत नाही. मातीत त्याचं अमोनियम झालं की मग तो दिसतो. मीटर १.२ दाखवतोय म्हणून निर्धास्त राहाल आणि पाण्यात मूठभर युरिया असेल. १९:१९:१९ मध्येही नत्राचा मोठा वाटा युरियाचा असतो. पिशवीच्या मागे नायट्रेट, अमोनिकल आणि युरिया नत्र वेगवेगळं छापलेलं असतं, ते वाचा. अशा खताला मीटर आणि वजनकाटा दोन्ही लागतात.

जीवामृत, गोमूत्र, स्लरी यांचा ईसी मोजून खताचा हिशोब लावू नका. त्यात क्षार किती ते कळेल, पिकाला लगेच काय मिळेल ते नाही.

५. ड्रम, व्हेंच्युरी आणि शेवटचा ड्रिपर

ड्रम दोन का? कॅल्शियम नायट्रेट घट्ट द्रावणात फॉस्फरसच्या किंवा सल्फेटच्या खताला भेटलं की दह्यासारखं फुटतं. खाली बसलेला तो पांढरा साका म्हणजे तुमचे पैसे, आणि तोच ड्रिपर बुजवतो. १२:६१:०, ०:५२:३४, ०:०:५० आणि मॅग्नेशियम सल्फेट एका ड्रममध्ये चालतात. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या ड्रममध्ये आणि वेगळ्या दिवशी. १३:०:४५ दोघांशीही जुळवून घेतं. खात्री नसेल तर काचेच्या ग्लासात दोन्ही खतं ड्रममध्ये करता तितकीच घट्ट करून मिसळा आणि अर्धा तास ठेवा. गढूळ झालं तर नको.

जानेवारीच्या सकाळी १३:०:४५ विरघळवताना ड्रमला बाहेरून हात लावून बघा, गार पडलेला असतो. हे खत विरघळताना पाण्यातली उष्णता ओढतं आणि थंड पाण्यात मग कमी विरघळतं. कोमट पाणी घ्या. ०:०:५० तर लिटरला १०० ग्रॅमच्या वर जाऊच नका, तळाशी रेती उरते.

व्हेंच्युरी म्हणजे ड्रममधलं खत ड्रिपच्या पाण्यात ओढून घेणारी नळी. तिचा हिशोब असा. माझ्याकडे २ लिटरचे १५०० ड्रिपर, म्हणजे तासाला ३००० लिटर. व्हेंच्युरी किती ओढते ते ड्रमवर खडूची खूण करून मोजलं. दहा मिनिटांत १० लिटर, तासाला ६०. म्हणजे एकास पन्नास. पिकाजवळ लिटरला ०.६ ग्रॅम हवं असेल तर ड्रममध्ये त्याच्या पन्नासपट, लिटरला ३० ग्रॅम. २० लिटर द्रावणाला ६०० ग्रॅम, आणि ते वीस मिनिटांत संपतं. तुमचे आकडे वेगळे येतील, कारण व्हेंच्युरीचं ओढणं दाबावर अवलंबून असतं. फिल्टर तुंबला की तेही बदलतं.

आधी दहा मिनिटं साधं पाणी, मग खत, मग पुन्हा किमान दहा मिनिटं साधं पाणी. खत चालू असताना दोन वाट्या घ्या. एक पहिल्या लॅटरलच्या पहिल्या ड्रिपरखाली, दुसरी सर्वांत लांबच्या शेवटच्या ड्रिपरखाली. माझ्याकडे पहिल्याच दिवशी इकडे २.६ आणि तिकडे १.४ आलं होतं. मी खत पाच मिनिटांत संपवत होतो, त्यामुळे शेवटच्या वेलांपर्यंत ते पोहोचायच्या आत पाणी बंद. मधल्या वेलांची पानं बरी आणि दोन टोकांची दोन तऱ्हेची का, ते त्या दोन वाट्यांनी सांगितलं.

सामू ५.५ ते ६.५ मध्ये बरा. आपलं पाणी बहुधा ८ कडे झुकलेलं असतं, म्हणून काहीजण आम्ल वापरतात. वापरायचं असेल तर चष्मा आणि हातमोजे घाला आणि नेहमी पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीही नाही.

६. मुळाजवळ काय चाललंय?

वर दीडचं पाणी सोडलं म्हणून खाली दीडच असेल असं नाही. वेल पाणी पितो आणि क्षार मागे ठेवतो.

दर पंधरा दिवसांनी ड्रिपरपासून वीतभर अंतरावरची, पांढऱ्या मुळीच्या खोलीवरची माती तीन-चार जागांहून घ्या. सावलीत वाळवा, चुरा करा. ५० ग्रॅम माती आणि १०० मिली डिस्टिल्ड वॉटर ढवळून अर्धा तास ठेवा, वरच्या पाण्यात मीटर बुडवा. हा आकडा वर दिलेल्या पिकांच्या आकड्यांशी ताडू नका, ही पद्धत वेगळी आहे आणि यात आकडा बराच कमी येतो. स्वतःच्याच मागच्या आकड्याशी ताडा. दोन वेळा ओळीनं चढला तर खत थांबवा.

मातीऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा वापरत असाल तर काम सोपं आहे. पिशवीखालून निथळणारं पाणी वाटीत धरा. ते दिलेल्या पाण्यापेक्षा १ नं जास्त असेल तर धुवायची वेळ झाली. कोकोपीटची नवी वीट भिजवली की तिचं पाणीही मोजा. कोकोपीटमध्ये मुळातच मीठ असतं. ०.५ च्या खाली येईपर्यंत गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय ट्रे भरू नका.

७. आकडा चढला तर

खत बंद, आणि तुमच्याकडचं सगळ्यात गोडं पाणी नेहमीपेक्षा जास्त. रेताड जमिनीत हे एका दिवसात होतं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तिथं एकदम पूर आणलात तर मुळी गुदमरते. दोन-तीन दिवस तुकड्या-तुकड्यानं द्या. सोडियम जास्त असलेल्या जमिनीत जिप्सम लागतं, पण किती ते माती अहवाल बघून ठरवायचं, शेजाऱ्याला विचारून नाही.

उन्हाळ्यात आकडा खाली आणा. पारा ४५ ला टेकतो तेव्हा वेल पाणी भराभर पितो, खत तितकं लागत नाही. हिवाळ्यात २ सोसणाऱ्या काकडीला मी एप्रिलमध्ये दीडच्या वर नेत नाही.

उघड्यावर ड्रिप असेल तर मृगाच्या पहिल्या हलक्या सरीला ड्रिप बंद करू नका. उन्हाळाभर ओलीच्या कडेला साचलेलं मीठ थोड्या पावसानं सरकून थेट मुळीवर येतं. बदाबदा पाऊस पडून ते खाली जाईपर्यंत ड्रिप चालू ठेवा. भर पावसात मोटर चालू बघून लोक हसतात, हसू द्या.

फवारणीला हे आकडे लावू नका. १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम १३:०:४५ म्हणजे एक टक्का, त्याचा ईसी १० च्या वर जातो. पानावर ते चालतं, पण ऊन उतरल्यावर, आणि झाड पाण्याला आलेलं नसताना. तेच द्रावण उरलं म्हणून रोपाच्या बुडाशी ओतलं तर रोप गेलं.

८. वही

माझ्या वहीत सहा रकाने आहेत. तारीख, नुसतं पाणी, कोणतं खत किती, पहिला ड्रिपर, शेवटचा ड्रिपर, शेरा. एक ओळ अशी:

१४ जानेवारी । १.० । १३:०:४५ ६०० ग्रॅम । १.८ । १.७ । कडा हिरव्या, आठवी ओळ ड्रिपर बुजलाय

मीटर धुवून, पुसून, टोपण लावून वहीसोबतच एका डब्यात ठेवा. पाण्याच्या मोटरच्या पेटीत नको, तिथं तो उन्हानं भाजतो. सेल उतरला की आकडा मागेपुढे पळायला लागतो आणि आपण खताला दोष देत बसतो. बारीक सेलची एक जोडी त्याच डब्यात टाकून ठेवा, ते सेल गावच्या दुकानात मिळत नाहीत.